पंचफुलाबाईचा वसवा

पंचफुलाबाईच्या वावरात भर दुपारी गेलं तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही. बाहेर बोरी गावच्या शिवारात ऊन असं की काळ्या मातीचं ढेकूळ हातात धरवत नाही, आणि हिच्या हद्दीत पाऊल टाकलं की कुणी तोंडावर पोतं टाकल्यासारखं होतं. मग हळूहळू उमगायला लागतं. वर शिरस, करंज, जांभूळ. त्यांच्या खाली शेवगा आणि केळी. केळीच्या पायाशी हळद. आणि हळदीच्या मधनं कमरेएवढी, गडद हिरव्या चकचकीत पानांची झुडपं. ती कॉफीची. परभणी जिल्ह्यात कॉफी म्हटलं की माणसं हसतात. पंचफुलाबाईच्या समोर कुणी हसत नाही.

बाई उंच, काळी, हाडापेराची. माहेर सेलूकडचं. कमरेला विळा, तोंडात मिश्री. मिश्री थुंकल्याशिवाय बोलत नाही आणि थुंकायची घाई तिला कधीच नसते. स्वतः बोललेलं ती विसरत नाही, आणि दुसऱ्यानं तिला बोललेलं तर मुळीच नाही. शाळेतले मास्तर पोरांना तिचं वावर दाखवायला आणतात, बाईंना झाडांची आणि पाखरांची लय माया हाय म्हणून सांगतात. साफ खोटं आहे. ही सगळी झाडं तिनं खुन्नस म्हणून लावली. दिराचं पीक खुरटवायला.

दीर म्हणजे दिनकरराव. तिच्या नवऱ्याचा, महारुद्राचा धाकटा भाऊ. वाटणी झाली तेव्हा दक्षिणेचा तुकडा महारुद्राला आला, उत्तरेचा दिनकररावाला. मधी सामाईक धुरा, म्हणजे बांध, आणि धुऱ्यावर म्हाताऱ्या कडुलिंबांची रांग. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, मग त्या लिंबांची सावली सगळी उत्तरेला, दिनकररावाच्या हरभऱ्यावर पडायची. पुस्तकात तिला सावलीच म्हणतात. आमच्याकडं पिकावर पडली की तिचं नाव वसवा. वसव्यातलं पीक पिवळं पडतं, खुरटतं, म्हणून आमच्या मुलखात माणूस धुऱ्यावरचं झाड बघतो तेच कुऱ्हाडीच्या नजरेनं. भावाभावांत आजपर्यंत जेवढी डोकी फुटली त्यातली निम्मी या वसव्यापायी.

महारुद्र जिवंत होता तोवर दिनकरराव कुरकुरायचा, पण झाडाला हात लावायची त्याची छाती नव्हती. महारुद्राला पोटाचं दुखणं लागलं. शेवटी शेवटी त्याला घरात करमेना. आखाड्यावरची, म्हणजे वावरातल्या खोपीतली, बाज उचलून लिंबाखाली टाकली, त्यावर तो पडून असायचा. सगळ्यात जुन्या लिंबाच्या ढोलीत पिंगळ्याचं जोडपं होतं. संध्याकाळी ती दोघं फांदीवर बसून मान हलवायची आणि महारुद्र त्यांच्याशी भांडायचा, काय बघायलाव रे, मेलो न्हाई अजून म्हणायचा. एक दिवस मेला.

दहाव्याला सगळं घर गंगाखेडला गेलं, गोदावरीवर. सख्खा भाऊ म्हणून दिनकरराव पाहिजे होता. पण सकाळी त्याची कंबर धरली. उठताच येईना म्हणाला. पाहुणे म्हणाले राहू द्या. तिकडं घाटावर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं ताटकळली, कुणी म्हणालं सासरी गेलेल्या पोरीत जीव अडकला असंल, कुणी म्हणालं वावरात. पंचफुलाबाईनं हात जोडून दोन्हीचा शब्द दिला. तरी कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी परत फिरली.

टेंपो फाट्यावरनं आत वळला आणि तिला आपलं वावर ओळखूच येईना. सगळं उघडं. धुऱ्यावर नुसते बुडखे, त्यातनं चीक गळायला लागलेला. लाकूड आधीच गाडीत भरून गेलं होतं. जुन्या लिंबाची ढोली तेवढी कामाची नव्हती म्हणून तिथंच टाकलेली. तिच्या भोवती कावळे बसले होते. पिंगळ्याची पिल्लं खाऊन त्यांची पोटं भरली होती. घाटावर दिवसभर ज्यांची वाट बघितली ते इथं जेवायला बसले होते.

संध्याकाळी दिनकरराव आला. चालत आला, कंबरेला हात न लावता.

"वसवा पडायलता, वयनी," तो म्हणाला. "दादा होता तवर गुमान बसलो. आता कुणासाठी ठेवायचे?"

पंचफुलाबाईनं मिश्री थुंकली.

"बरं केलं, भाऊजी. कंबर जपा."

एवढंच. रडली नाही, भांडली नाही. भावकीतल्या बायांना वाटलं बाई खचली. तक्रार दे म्हणून चार जणांनी सांगितलं. ती म्हणाली, तक्रारीनं काय व्हईन, दंड भरन आन् ईसरून जाईन. तिला त्याला विसरू द्यायचं नव्हतं. त्यात दिनकररावानं पाहुण्यारावळ्यांत उठवून दिलं की लिंबं पोकळ झाली होती, वहिनीच म्हणाली होती काढून टाका. हे तिच्या कानावर आलं आणि त्या दिवसापासनं तिला एकच गोष्ट पाहिजे होती. चारचौघांत, त्याच्या स्वतःच्या तोंडानं, त्यानं कबूल करावं की झाडं कुणी तोडली, कधी तोडली आणि कुणाला न विचारता तोडली. बाकी त्याचं काहीही झालं तरी चाललं असतं. वाईट झालं असतं तर जास्त बरं.

उघड्या वावरात तिचा पाय ठरेना. तिचा धाकटा भाऊ नागेश चिकमंगळूरच्या डोंगरात एका कॉफीच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवतो. तो दिवाळीला आला आणि तिला घेऊन गेला. हिवाळाभर तिनं तिथल्या बायांबरोबर कॉफीची लाल फळं तोडली. त्यांची भाषा हिला येत नव्हती आणि हिची त्यांना, त्यामुळं भांडण झालं नाही.

पहिल्या दिवशी मळ्यात शिरली तेव्हा तिला तो मळा वाटलाच नाही, जंगल वाटलं. वर आभाळ दिसेना इतकी झाडं, आणि त्यांच्या पार बुडाशी पीक. तिनं नागेशला विचारलं, यांना वसवा लागत न्हाई का? नागेश म्हणाला, "अक्का, हे पीक वसव्यातच येतंय. वरचं झाड काढलं की हे करपून जातंय." मग त्यानं आणखी पण सांगितलं. पलीकडच्या डोंगरावरच्या मालकानं जास्त माल निघावा म्हणून वरची झाडं काढली, उन्हात कॉफी लावली. दोन वर्षं माल निघाला. पण झाडं गेली तशी पाखरं गेली, पाखरं गेली तशी खोडात आणि फळात अळी शिरली, आणि आता तो फवारून फवारून बेजार झालाय. इथला मालक शहाणा, फांदी छाटायची तरी विचार करून छाटतो. म्हणून इथं धनेश येतो, उदमांजर राहतं, एखाद्या साली हत्तीसुद्धा फिरून जातो.

पंचफुलाबाईनं यातलं अर्धंच ऐकलं. पाखरांचं आणि अळीचं तिच्या डोक्यातनं निघून गेलं. डोक्यात राहिलं ते एवढंच, की जगात एक पीक आहे जे वसवा मागतं. वावरात असलं पीक असलं की झाड तोड म्हणायला कुणाला तोंडच राहत नाही. आपली जमीन, आपली हद्द, आपलं पीक. आणि हिवाळ्यात सूर्य काही दिनकररावाला विचारून कलत नाही.

ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं घेऊन, गाड्या बदलत बदलत ती पूर्णा स्टेशनला उतरली. नागेशनं निघताना सांगितलं होतं, अक्का, परभणीच्या उन्हात हे उकडून निघन. निघालंच. पहिल्या उन्हाळ्यात सगळी रोपं वाळली. तिला त्याचं काही नव्हतं. तिला आधी झाडं पाहिजे होती. धुऱ्यापासनं कायद्यानं सोडायचं तेवढं अंतर सोडून तिनं उत्तरेच्या कडेला दाट रांग लावली, आत विरळ. लवकर वाढणारा शेवगा आणि केळी मधी घातली. विहिरीवरनं ठिबक टाकलं. तिच्यासोबत वावरात राबायची धम्मशीला. मोकळ्या तोंडाची बाई, पंचफुलाबाईला तोंडावर बोलणारी गावात ती एकटीच. ती म्हणायची, "बाई, लोक पोरासाठी झाडं लावतेत. तुमी दिरासाठी लावायल्या. दिराचं नशीब मोठं."

झाडांची सावली झाली तेव्हा तिनं परत रोपं मागवली. त्यातली निम्मी जगली. तिसऱ्या खेपेची जवळपास सगळी. फळ फार येत नाही. घर हळदीवर चालतं, कॉफी हट्टावर. पहिली लाल फळं उदमांजरानं खाल्ली तेव्हा पंचफुलाबाईनं त्याच्या सात पिढ्या काढल्या. त्याच उदमांजरानं दिनकररावाच्या पपया फोडल्या तेव्हा म्हणाली, मुकं जनावर हाय, खाऊ द्या.

कारण झाडांच्या मागं मागं सगळे आले होते. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. काळे, दुभंग शेपटीचे कोतवाल आले, बडबडे सातभाई आले, राघूंचे थवे आले. गळलेल्या पानांच्या थरात मुंगूस फिरायला लागलं, विहिरीच्या कडेला धामण दिसायला लागली. राघू रात्री तिच्या झाडावर झोपायचे आणि सकाळी उठून दिनकररावाच्या ज्वारीवर जायचे. ज्वारी खाऊन परत हिच्याकडं. दिनकरराव गोफण घेऊन ओरडत फिरायचा आणि ही आखाड्यावर भाकरी खात बघायची. हिवाळ्यात तर ती मुद्दाम धुऱ्यावर जाऊन बसायची. सकाळी तिच्या झाडांची सावली दिराच्या हरभऱ्यात पसरलेली असायची. त्या पट्ट्यातला हरभरा पिवळा, तिरका, उन्हाकडं मान काढून उभा. ते बघितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नव्हता.

दिनकरराव एकदा म्हणाला, वयनी, थोडं छाटा. ती म्हणाली, कॉफीला वसवा लागतो, भाऊजी. मला काय हौस हाय?

अशी वर्षं गेली. मग तो घाटेअळीचा हिवाळा आला.

त्या साली ढगाळ हवा हटेना. शिवारातल्या सगळ्या हरभऱ्यावर अळी पडली. घाट्याला छिद्र पाडून आतला दाणा खाणारी हिरवी अळी, ती औषधालाही दाद देईना. माणसं पाठीवर पंप घेऊन दिवस दिवस फवारायली. दिनकरराव मात्र एकदा फवारून थांबला होता. पंचफुलाबाईला वाटलं, हात टेकले. लय दिवसांनी बरं वाटलं. डोळे भरून बघावं म्हणून ती सकाळी धुऱ्यावर गेली.

दिराच्या हरभऱ्यात जागोजागी काठ्या रोवल्या होत्या, वर आडवी काटकी बांधलेली. प्रत्येक काटकीवर एक पाखरू. कोतवाल हिच्या शिरसावरनं उडायचा, तिकडच्या काठीवर बसायचा, खाली झेप घालून अळी उचलायचा, परत काठीवर. सातभाई हिच्या हळदीतनं निघून सरळ तिकडं घुसायचे, बडबड करत हरभऱ्याची ओळ न ओळ चाळायचे. धुऱ्याजवळचा वसव्यातला पट्टा खुरटा होता खरा, पण त्याच्या पलीकडं सगळं रान घाट्यांनी लगडलेलं. अख्ख्या शिवारात तेवढंच.

ती तिथंच खाली बसली.

"बाई," मागनं धम्मशीला म्हणाली, "तुमचे पाखरं तिकडं रोजानं जायलेत की वो."

पंचफुलाबाईनं मिश्री न थुंकताच गिळली. नागेशनं सांगितलेलं उरलेलं अर्धं तिला तेव्हा ऐकू आलं.

एवढ्यावर राहिलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण बोरीच्या बाजारात दिनकररावानं हॉटेलात बसून सगळ्यांना सांगितलं, की वयनीनं मला मारायला जंगल लावलं, आन् त्या जंगलानं माझा हरभरा राखला. म्हणाला, दादानं बी माझं एवढं केलं नव्हतं. हॉटेल हसलं. हसणं घरी यायला संध्याकाळ लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मल्हारला सांगावा धाडला. मल्हार म्हणजे उभी झाडं विकत घेणारा, तोडायचं मशीन असलेला. आमच्या भागातल्या निम्म्या धुऱ्यांचे बुडखे त्याच्याच हातचे. उत्तरेची रांग काढायची म्हणाली. सगळी. धम्मशीला आडवी आली. कॉफी मरन बाई, म्हणाली, चैतात सगळी करपन. इतक्या वर्साचं हाय. ती म्हणाली, करपू दे, त्याचा हरभरा खाल्ला पायजे अळीनं. हे ती रागाच्या भरात बोलली नाही. शांतपणानं बोलली, आणि धम्मशीलाला त्याचीच भीती वाटली.

मल्हार सकाळी आला. मशीनचा आवाज निघाला तशी रस्त्यावरची माणसं थांबली, आसपासच्या आखाड्यावरची चालत आली. पहिलं झाड जांभळाचं होतं, रांगेतलं सगळ्यात भरदार. दिनकरराव आपल्या वावरातनं बघत होता. हसत होता. त्याला वाटलं बाई धमकी द्यायली. जांभूळ कलंडलं आणि आभाळ एकदम पाखरांनी भरलं. काठ्यांवरचे कोतवाल उठले. सातभाईंचा गोंधळ विहिरीपलीकडं गेला. हरभऱ्यावर कुणीच उरलं नव्हतं.

दिनकरराव धुरा ओलांडून आला.

"वयनी, हे काय लावलंय?"

"वसवा पडायलाय ना तुमच्या वावरात," ती म्हणाली. "तुमीच म्हणले होते."

"मी कवा म्हणलो?"

"दादाच्या दहाव्याला. मला ऐकू यायला जरा येळ लागला. मल्हार, दुसरं घे."

मल्हारनं मशीन दुसऱ्या झाडाला लावलं. करंजाची साल उडाली. दिनकररावानं मल्हारकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. मग तो झाड आणि मशीनच्या मधी जाऊन उभा राहिला. मल्हारनं मशीन बंद केलं.

"न्हाई तोडायचं," दिनकरराव म्हणाला.

"झाड माझं. हद्द माझी."

"हरभरा घाट्यावर आलाय, वयनी. पाखरं गेले तर दोन दिवसात अळी साफ करन."

"मग ही माणसं उभे हायेत, त्यांना सांगा. आपले लिंबं कुणी तोडले?"

पंचफुलाबाईनं मल्हारला नुसती मान हलवली. मशीन परत चालू झालं आणि दिनकररावानं हात वर केला.

"मी तोडले," तो म्हणाला.

"मोठ्यानं. मशीन चालू हाय."

"मी तोडले! दादाच्या दहाव्याला. कंबर दुखतीय म्हणून मागं राहिलो आन् तोडले. ह्यांना इचारलं न्हाई."

"पोकळ झाले होते म्हणं."

"न्हाई. चांगले होते."

"आन् वसवा?"

त्यानं वर बघितलं. करंजाचं पान न पान त्याच्या तोंडावर सावली धरून होतं.

"पडू द्या," दिनकरराव म्हणाला. "पडू द्या वसवा."

पंचफुलाबाईनं लांब जाऊन मिश्री थुंकली. मल्हारला म्हणाली, एवढं जांभूळ भर गाडीत आन् जा. मल्हार चिडला, अख्खी रांग म्हणून मशीन आणलं होतं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तो भरायला लागला. माणसं पांगली. संध्याकाळच्या आत बोरीत, सेलूत, दिनकररावाच्या सासुरवाडीत सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं बाईनं जे मागितलं ते तिला मिळालं.

मिळालं, पण जांभळाच्या खालची कॉफी गेली. त्या फटीतनं ऊन सरळ खाली उतरलं आणि चैत्रात तिथली सगळी झुडपं तांबडी होऊन वाळली. पाखरं दुसऱ्या सकाळीच परत आली. कोतवालाला कोण काय बोललं याचं काय? दिनकररावाचा हरभरा पिकला. पंचफुलाबाई रोज ती वाळलेली झुडपं बघायची आणि तिला वाटायला लागलं की कबुली जरा स्वस्तात गेली.

मृगाच्या आधी तिनं दिराला बोलावणं पाठवलं. तो आला तेव्हा धुऱ्यावर जांभळाचं रोप ठेवलेलं होतं. म्हणाली, तुमच्यापायी गेलं, तुमी लावा. पाणी बी तुमीच घाला, तुमच्या बोरचं. दिनकररावानं कां कूं केलं. तिनं उरलेल्या रांगेकडं नुसतं बघितलं, त्यानं खड्डा खणायला घेतला. त्याची कंबर खरंच दुखत होती. आता वय झालंय त्याचं. पाऊस असला तरी रोज दोन घागरी घेऊन तो धुरा ओलांडायचा, रोपाला घालायचा आणि ती आखाड्यावरनं बघायची. सून म्हणायची मामा, सोडा आता. मामा सोडत नव्हते. घाट्यावर आलेला हरभरा त्यांना आठवत होता.

पावसाळ्याच्या शेवटी रोप गुडघ्याला आलं, आणि एका सकाळी पंचफुलाबाईच्या शेळीनं ते बुडापासनं खाल्लं. शेळी दाव्याला असते. ती सुटली कशी, हे पंचफुलाबाईला विचारायला गावात कुणी गेलं नाही. धम्मशीलानं तेवढं विचारलं.

"जनावर हाय," ती म्हणाली, आणि दिनकररावासाठी दुसरं रोप धुऱ्यावर नेऊन ठेवलं.